किमो का देत नाहीत?

पुणे, रविवार

प्रिय नंदू,

तुझे सगळे व्हॉइस मेसेज आज सकाळी उठल्या उठल्या ऐकले. तुमच्याकडे मानहाइमला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली असणार, म्हणजे तू काही झोपलेली नाहीस. लगेच फोन हातात घेतला होता. पण मग वाटलं, फोनवर आपण दोघीही रडू आणि कामाचं बोलायचं राहूनच जाईल. त्यापेक्षा लिहिते. पत्र लांबणार आहे, चहा करून घे आणि सावकाश वाच.

तुझ्या दादाला किडनीचा कॅन्सर निघाला हे ऐकून माझ्याही पोटात गोळा आला. सांगलीच्या गावभागात आपल्याला सायकल शिकवायला कॅरिअर धरून मागे पळायचा तो दादा! त्यामुळे हे मी परक्या माणसाबद्दल लिहीत नाहीये. यांनाही हाच कॅन्सर झाला होता, त्या आजारपणात मला जे उमगलं ते तुला आधी सांगते. कॅन्सर म्हटलं की आपण ओळखीतले सगळे कॅन्सर आठवतो. तुझ्या आत्याचा स्तनाचा, आमच्या शेजारच्या काकांचा घशाचा, आणखी कुणाचा रक्ताचा. मग त्या सगळ्यांनी जे जे सोसलं ते नव्या माणसाच्या नशिबी आलंच असं धरून चालतो. किडनीच्या कॅन्सरची चाल वेगळी आहे, मापं वेगळी आहेत, औषधंही वेगळी आहेत. त्याला त्याचेच प्रश्न विचारायचे. दुसऱ्याच्या कॅन्सरचे प्रश्न याला विचारले की उत्तरं भलतीच भयानक वाटतात.

तुझंच बघ ना. "बायोप्सी नाही, किमो नाही, रेडिएशन नाही, नुसतं ऑपरेशन म्हणतात. मग डॉक्टरांनी हात टेकले का?" नाही गं. किडनीच्या कॅन्सरमध्ये नुसतं ऑपरेशन म्हणतात ही चांगली खूण आहे. गाठ पूर्ण काढून टाकता येईल असं त्यांना दिसतंय, हा त्याचा अर्थ.

वहिनीने मला सीटी स्कॅनचा रिपोर्ट पाठवला. मी आणि हे, दोघांनी बसून नीट वाचला. डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला ५.२ सेंटिमीटरची गाठ आहे, बाहेरच्या अंगाला फुगलेली. किडनीतून निघणाऱ्या मोठ्या शिरेत काही शिरलेलं नाही. आसपासच्या लसिकाग्रंथी वाढलेल्या नाहीत. फुप्फुसं स्वच्छ आहेत. उजवी किडनी उत्तम, क्रिएटिनिन १.१. तू ५.२ हा आकडा ऐकून हादरलीस, कारण आत्याची गाठ एवढी होती तेव्हा ती फार पुढे गेलेली मानली होती. पण किडनीच्या गाठीची पहिली स्टेज सात सेंटिमीटरपर्यंत असते, अट एवढीच की ती किडनीच्या आतच राहिलेली हवी. दादाची त्यात बसते. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे किडनीपुरत्या राहिलेल्या या कॅन्सरमध्ये पाच वर्षं पार करण्याचं प्रमाण ९३ टक्क्यांच्या आसपास आहे. लांबच्या अवयवांत पसरल्यावर सापडला, तर ते पाचांत एकाच्याही थोडं खाली येतं. एवढा फरक आहे. गाठ खरोखर किडनीच्या आतच होती का, हे मात्र ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईल तेव्हाच पक्कं होईल. तोवर "पहिली स्टेज" हा अंदाज आहे, पण चांगल्या पायावरचा अंदाज आहे.

आणि "दादाला काहीच कसं जाणवलं नाही, आम्ही लक्षच दिलं नाही" असं वहिनी स्वतःला लावून घेतेय, ते आधी थांबव. पोटाच्या मागच्या बाजूला, पाठीच्या आडोशाला असलेला हा अवयव. तिथे गाठ वाढायला पुष्कळ जागा असते आणि ती कुठे टोचत नाही, दाबत नाही. जुन्या पुस्तकांत तीन लक्षणं दिलेली असत: लघवीतून रक्त, कुशीत दुखणं, हाताला लागणारी गाठ. तिन्ही एकदम असलेला रुग्ण आज दहात एकही सापडत नाही. निम्म्याहून जास्त गाठी अशाच सापडतात, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत. दादाची प्रोस्टेटसाठी केली, यांची पित्ताशयातल्या खड्यांसाठी केली होती. खडे आजही तिथेच आहेत, त्रास देत नाहीत, आणि मी त्यांना मनापासून हात जोडते.

कारणही शोधत बसू नका. सिगारेट, लठ्ठपणा, बरीच वर्षं वाढलेलं बीपी यांनी धोका वाढतो, बायकांपेक्षा पुरुषांत तो साधारण दुप्पट दिसतो, हे सगळं खरं. पण एका माणसाला का झाला, याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

आता बायोप्सी. शिरेतून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन स्कॅन काढतात तेव्हा ही गाठ भराभर रक्त खेचते आणि चित्रात लख्ख उजळते. अनुभवी रेडिओलॉजिस्टला बहुतेक वेळा तेवढ्यावरून कळतं. गाठ काढायचीच आहे, तर आधी सुई घालून निर्णय बदलत नाही. गाठ लहान असेल, माणसाला ऑपरेशन झेपणारं नसेल, किंवा आजार पसरलेला असून थेट औषधं सुरू करायची असतील, तेव्हा बायोप्सी उपयोगी पडते. चार सेंटिमीटरच्या आतल्या गाठींत साधारण पाचांतली एक साधी, निरुपद्रवी निघते, म्हणून तिथे तिचा विचार जास्त होतो. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं मावशींनी वहिनीला ठासून सांगितलंय. ते खरं धरू नका. सुईच्या वाटेने पेशी पसरल्याचं फारच क्वचित आढळतं. दादाची बायोप्सी केली नाही ती गरज नाही म्हणून, भीती आहे म्हणून नव्हे.

रिपोर्टात खाली उजव्या किडनीत "सिस्ट, बॉस्नियाक १" असं लिहिलंय, त्यावरून वहिनी रात्रभर जागी होती. मॉर्टन बॉस्नियाक हे न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट, त्यांनी १९८६ मध्ये किडनीतल्या सिस्टची वर्गवारी केली. एक नंबर म्हणजे पाण्याने भरलेली साधी पुटकुळी, वय वाढलं की कित्येकांना असते. तिच्यासाठी काही करायचं नाही. एवढं एक वाक्य कुणी समजावून सांगितलं असतं तर ती बिचारी झोपली असती.

किमोबद्दल मात्र मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तू याच प्रश्नाशी अडकली आहेस आणि मीही तेव्हा अडकले होते.

साधी किमो किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरवर जवळजवळ चालतच नाही. किडनीत ज्या बारीक नळ्या असतात, त्यांच्या अस्तराच्या पेशींतून हा कॅन्सर बहुधा उगवतो. त्या पेशींचं रोजचं कामच मुळी नको असलेली द्रव्यं बाहेर ढकलायचं. त्यासाठी त्यांच्या भिंतींत पंपासारखं काम करणारी प्रथिनं असतात. पेशी कॅन्सरची झाली तरी ही प्रथिनं राहतात, आणि किमोचं औषध आत आलं की ते बाहेर फेकून देतात. किमो न चालण्याचं हे एक कारण. म्हणून दादाला किमो दिली नाही यात हयगय नाही, ती दिली असती तर तो नुसता त्रास झाला असता.

मग पसरलेल्या आजाराला काय देतात? इथे मला खरोखर थक्क व्हायला होतं. व्हॉन हिपेल-लिंडाऊ नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे, तो असलेल्या घराण्यांत डोळ्यांत, मेंदूत, किडनीत गाठी होतात. त्याचा जीन १९९३ मध्ये सापडला. पुढे कळलं, की ज्यांच्या घरात हा आजार नाही अशांच्याही किडनीच्या कॅन्सरमध्ये, क्लिअर सेल या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, बहुतेक वेळा हाच जीन बिघडलेला असतो. त्याचं काम काय, तर पेशीला ऑक्सिजन पुरेसा आहे ना हे कळवायच्या यंत्रणेत भाग घ्यायचा. तो बिघडला की भरपूर ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. म्हणून ही गाठ एवढी रक्ताळलेली, म्हणून ती स्कॅनमध्ये एवढी उजळते. ऑक्सिजन ओळखण्याची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. रक्तवाहिन्यांची ती मागणीच तोडणाऱ्या गोळ्या २००५-०६ पासून आल्या, सोराफेनिब, सुनिटिनिब, मग पुढच्या. दुसरीकडे इम्युनोथेरपी. निवोलुमॅब २०१५ पासून या कॅन्सरला मिळू लागलं, आता सुरुवातीलाच दोन औषधांच्या जोड्या देतात. पसरलेल्या आजारातही काही माणसं वर्षानुवर्षं चांगली राहू लागली आहेत. वर दिलेल्या पाचांत एकाच्या आकड्यात ही नवी औषधं पुरती उतरलेली नाहीत, कारण पाच वर्षांचा हिशेब मांडायला मुळात पाच वर्षं थांबावं लागतं.

या गोळ्यांची एक गोष्ट तुमच्या जर्मनीशी आणि आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. सोराफेनिब हे बायरचं औषध, नेक्सावर नावाने यायचं. किडनीच्या आणि लिव्हरच्या वाढलेल्या कॅन्सरला. महिन्याचा खर्च तेव्हा २ लाख ८० हजार रुपये. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवायचा सक्तीचा परवाना दिला, भारतातला पहिला, आणि महिन्याची किंमत ठरली ८,८०० रुपये. बायरला विक्रीवर रॉयल्टी मिळेल अशी तरतूद होती. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, २०१४ मध्ये तिथेही परवाना कायम राहिला. संशोधनाला लागणारा पैसा कुठून यायचा हा बायरचा प्रश्न खोटा नव्हता. पण जे औषध घेणं कुणाला परवडतच नाही, ते त्या माणसापुरतं शोधलेलंच नसतं, असं मला वाटतं आणि मी ते आवाज चढवून सांगते. आता किडनीसाठी सोराफेनिब मागे पडलंय, पण सुनिटिनिब आणि पॅझोपॅनिबच्या भारतीय बनावटीच्या गोळ्या मिळतात. इम्युनोथेरपीची इंजेक्शनं मात्र अजून सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच आहेत.

यांच्या तपासणीच्या रांगेत जतकडचे एक शेतकरी भेटायचे, त्यांना सुनिटिनिब चालू होतं. चार आठवडे गोळी, दोन आठवडे सुट्टी. तळहात सोलवटलेले, लाल, त्यावर जाड थर क्रीमचा आणि वर सुती हातमोजे. मिशा पांढऱ्याशुभ्र झालेल्या, तेही औषधानेच. "खुरपं धरवत नाही, पण चालतोय फिरतोय," म्हणायचे, आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी यांना द्यायचे. स्वतःला तिखट सोसत नव्हतं, तोंड आलेलं असायचं. औषध म्हणजे काय सोसणं असतं ते मी त्यांच्याकडून पाहिलं, आणि ते सोसूनही माणूस पेरणीचं बोलतो हेही पाहिलं.

दादाला यातलं बहुधा काहीच लागणार नाही. गाठ पूर्ण निघाली आणि फार आक्रमक नसली, तर नुसत्या ठरावीक तपासण्या. गाठ धोक्याची निघाली तर ऑपरेशननंतर वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब देण्याचा विचार होतो, २०२१ पासून ती सोय आली आहे. तो प्रश्न रिपोर्ट आल्यावर.

आता खरा विचारायचा प्रश्न, आणि तो अजून कुणीच विचारलेला नाही: किडनी पूर्ण काढणार की गाठ तेवढी?

आधी पूर्ण काढण्याबद्दल सांगते. तू राहतेस तिथून हायडेलबर्ग अगदी जवळ ना? तिथे २ ऑगस्ट १८६९ रोजी गुस्ताव सिमोन या सर्जनने एका बाईची किडनी ठरवून काढली, जगातली तशी पहिली. तिला कॅन्सर नव्हता, आधीच्या एका ऑपरेशनमध्ये मूत्रनलिकेला इजा होऊन लघवी सतत गळत राहायची. एका किडनीवर माणूस जगतो का, हे तेव्हा खात्रीने कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, ते कुत्रे जगले, मग धाडस केलं. बाई बरी होऊन घरी गेली. आज एवढे लोक आपली एक किडनी दान करतात, त्यामागे ती बाई आहे. राहिलेली किडनी आकाराने थोडी वाढते आणि दोघींच्या मिळून कामाचं सुमारे ७० टक्के काम अंगावर घेते. यांची उजवी पूर्ण काढली, गाठ आठ सेंटिमीटरच्या वर होती आणि अगदी मध्यावर होती. हे रोज पर्वतीच्या पायऱ्या चढतात.

पण वाचवता येत असेल तर किडनी वाचवावी. दादाला बीपी आहे, पुढे मागे साखर आली तर शिल्लक किडनीचा कणन् कण कामाला येईल. त्याची गाठ खालच्या टोकाला आहे, बाहेर फुगलेली आहे, म्हणजे जागा सोयीची. अशा वेळी रक्तवाहिनीला थोडा वेळ चिमटा लावून गाठ कापून काढतात आणि उरलेली किडनी शिवून टाकतात. चिमटा शक्यतो अर्ध्या तासाच्या आत सुटायला हवा, म्हणून सर्जनचा हात बसलेला असावा लागतो. दुर्बिणीतून किंवा रोबोटने केलं तर जखमा लहान राहतात, पण मला विचारशील तर यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. म्हणून वहिनीला सांग, सरळ विचारायचं: किडनी वाचवून गाठ काढायचं ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? दादाच्या बाबतीत ते जमेल का, आणि नसेल तर का नाही? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

त्याला जर्मनीला न्यायची काही गरज नाही. मिरज म्हणजे शंभरहून जास्त वर्षांचं दवाखान्यांचं गाव, तिथे, कोल्हापुरात, पुण्यात ही ऑपरेशनं होतात. मनात किंतू असेल तर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घ्या. १९४१ पासून ते हॉस्पिटल उभं आहे आणि त्यांना असे रुग्ण रोजचे आहेत. जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, स्कॅनची सीडी न्यायची, कारण ते चित्र स्वतः बघतात. त्यात दोन-तीन आठवडे गेले तर गाठ काही पळून जात नाही. पैशाचंही बघून ठेवा: मेडिक्लेमची कॅशलेस मंजुरी आधी घ्या. ती कमी पडली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं, रेशनकार्ड आणि आधार लागतं. ते हॉस्पिटल योजनेत आहे का, हे दाखल व्हायच्या आधी विचारायचं.

"दादाला सांगायचं का?" नंदू, सांगायचं. वहिनी म्हणतेय, त्याला "साधी गाठ आहे" एवढंच सांगू, तो खचेल. मला तिची माया कळते. पण ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही त्याची असणार. दवाखान्याच्या दारावरची पाटी तो वाचणार. शिवाय एक अगदी व्यवहाराचं कारण आहे. गुडघा दुखला की मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक नाहीतर आयबुप्रोफेनच्या गोळ्या आणून खायची दादाची जुनी सवय आहे. या गोळ्या किडनीला जड असतात. हा माणूस उरलेल्या किडनीला जपणार कसा, जर तिला काय झालंय हे त्यालाच माहीत नसेल? आणि घरातली सगळी माणसं कुजबुजताना दिसली की तो मनात याहून भयंकर काहीतरी रचेल. डॉक्टरांच्या खोलीत, वहिनी शेजारी असताना, त्याला स्पष्ट शब्दांत सांगू दे. "कॅन्सर आहे, किडनीपुरता दिसतोय, काढून टाकता येईल." एवढी तीन वाक्यं त्याला पुरतील, तो शहाणा आहे.

यांना कळलं तेव्हा हे एक अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी एक वही काढून बसले आणि एफडी कुठल्या बँकेत, लॉकरची किल्ली कुठे, विम्याचा हप्ता कधी, असं सगळं रेघा मारून लिहायला लागले. मला ते बघवेना. वाटलं, वही हिसकावून घ्यावी. मग शेजारी बसले आणि विचारायला लागले, गॅसचं पुस्तक कुणाच्या नावावर आहे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुठे आहे. वही भरत गेली तसे यांचे हात थरथरायचे थांबले. बाकी कुठलीच गोष्ट हातात नसताना तेवढी एक होती. दादा असं काही करायला लागला तर वहिनीला म्हणावं, "असं अभद्र बोलू नका" म्हणून तोडू नकोस. शेजारी बस.

ऑपरेशनचं थोडक्यात सांगते, म्हणजे तू तिकडे बसून भलत्या कल्पना करणार नाहीस. शुद्धीवर आल्यावर लघवीची नळी असेल, पोटातून एक ड्रेनची नळी आणि तिची पिशवी असेल, पिशवीत लालसर पाणी दिसेल. पहिला दिवस लघवीही लालसर येऊ शकते. दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. छातीत कफ साठू नये म्हणून तीन चेंडूंचं एक प्लॅस्टिकचं यंत्र देतात, नळीतून श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे. दादा कंटाळेल, त्याला करायला लावायचं. सिस्टर दर फेरीला "गॅस पास झाला का?" विचारतात, लाजायचं नाही, आतडी चालू झाली की नाही हे त्यावरून कळतं, मग पाणी, मग पेज. चार-पाच दिवसांत बहुतेक घरी सोडतात.

आणखी एक. ऑपरेशन झालं की थिएटरच्या दाराशी नातेवाइकाला बोलावून काढलेली गाठ दाखवायची आपल्याकडे पद्धत आहे. मला बोलावलं. स्टीलच्या ट्रेमध्ये मधोमध चिरलेली किडनी होती, आणि तिच्यातली गाठ पिवळीधमक, मध्ये मध्ये रक्ताचे काळपट ठिपके. एवढा उजळ रंग असेल अशी माझी कल्पनाच नव्हती. डॉक्टर म्हणाले, या पेशींत चरबी भरलेली असते म्हणून हा रंग. मी बघू शकले आणि मला बरं वाटलं, कारण इतके दिवस नुसत्या रिपोर्टात असलेली वस्तू यांच्या शरीराबाहेर माझ्यासमोर पडली होती. पण वहिनीला रक्त बघवत नाही. तिच्याऐवजी मी जाईन. नाही म्हणायचाही हक्क असतो, हे तिला सांग.

मग आठवडाभराने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. त्यात चार गोष्टी बघायच्या: प्रकार कुठला, ग्रेड एक ते चारमधली कितवी, गाठ किडनीबाहेर गेली होती का, आणि कापलेल्या कडेला पेशी उरल्या आहेत का. तो आला की मला फोटो पाठव.

घरी आल्यावर साधारण दीड महिना वजन उचलायचं नाही. बीपी मनापासून सांभाळायचं, मीठ कमी, तंबाखू-सिगारेट अजिबात नाही. पाणी तहानेप्रमाणे, बादलीभर ढोसायची गरज नसते. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. कुणी भस्म, काढा, "किडनी साफ करणारी" पुडी आणून दिली तर ती कपाटातही ठेवायची नाही. तसल्या काही पुड्यांत शिसं, पारा निघालेला आहे आणि त्यांनी चांगल्या किडन्या बिघडल्या आहेत. या एका बाबतीत कुणाचं मन राखायचं नाही, मावशींचंही नाही.

त्यानंतरची वर्षं तपासण्यांची. सुरुवातीला सहा-सहा महिन्यांनी, मग वर्षाने. हा कॅन्सर कधी कधी फार उशिरा, दहा वर्षांनीही डोकं वर काढतो, म्हणून "पाच वर्षं झाली, आता सुटलो" असं म्हणून तपासण्या बंद करायच्या नाहीत. तपासणीच्या आधीचा आठवडा अवघड जातो. आमच्याकडे अजूनही जातो. हे विनाकारण चिडतात, मी डबे घासत सुटते. आम्ही आता त्या आठवड्यात पाहुणे बोलावत नाही, सकाळची पहिली वेळ मागून घेतो आणि रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय घरी येत नाही. भीती जात नाही, पण ती किती दिवस घरात राहणार हे आपण ठरवू शकतो.

मी गुरुवारी सांगलीला जातेय, हेही येतायत. दादाशी यांनी बोललेलं बरं, एकाच्या पोटावरचे व्रण बघून दुसऱ्याला धीर येतो. वहिनीबरोबर प्रश्नांचा कागद मी करून देईन.

आणि तुझ्या तिकिटाचं. ऑपरेशनच्या दिवशी यायची धडपड करू नकोस. त्या दिवशी तिथे अख्खा गावभाग लोटेल, तुला बसायला खुर्चीही मिळायची नाही. दादा घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी गर्दी पांगते, माणसं आपापल्या कामाला लागतात, आणि घरात ती दोघंच उरतात. वहिनीला तेव्हा रात्री शांत झोप हवी असते आणि दादाला कुणाशी तरी बोलायचं असतं. तेव्हा ये, आणि किमान तीन आठवडे रजा काढून ये. तिकिटाच्या तारखा ठरल्या की कळव, मुंबईहून तुला घ्यायला गाडी पाठवते.

तुझी,
सुमी